मुख्य किल्ली आणि वाटलेले अधिकार

आपल्या लहानमोठ्या संस्थांनी, वाचनालयांनी आणि नियतकालिकांनी गेल्या पंधरावीस वर्षांत आपला पुष्कळ ऐवज इंटरनेटवर नेऊन ठेवला आहे. जुने अंक, जयंतीच्या भाषणांच्या ध्वनिफिती, जलशांची चित्रणे, वस्तीतल्या लढ्यांची कात्रणे, सभासदांच्या याद्या असे बरेच काही. हे चांगलेच झाले. पेटीत ठेवलेल्या अंकाला वाळवी लागते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे तळमजल्यावरची पेटीही पाण्यात असते. परंतु हा ऐवज नेमका कोठे ठेवला आहे, तेथल्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात आहे आणि तो माणूस उद्या रुसला, गाव सोडून गेला किंवा वारला तर पुढे काय, हे विचारले की पदाधिकारी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. "ते आमचा एक मुलगा बघतो" हे उत्तर मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की आता प्रश्न विचारण्यापूर्वीच मला ते ऐकू येते.

छापखान्याच्या काळात हा प्रश्न आपल्या माणसांना नवा नव्हता. १९२० साली 'मूकनायक' निघाला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', पुढे 'जनता'. पत्र चालवायचे तर लेखणी हाती असून भागत नाही, खिळे आणि यंत्रही आपल्या ताब्यात असावे लागते, हे तेव्हाच कळून चुकले होते. भारत भूषण छापखान्याचे महत्त्व त्यातच आहे. आज सर्व्हर हा छापखाना आहे, गोदाम आहे आणि टपालखातेही तोच आहे. तो विकत घेणे आपल्यापैकी बहुतेकांना परवडत नाही, म्हणून तो भाड्याने घ्यावा लागतो. भाड्याने घेतला तरी त्याच्या आत कोणी काय करावे हे आपल्याला ठरवता येते, आणि ते कसे ठरवायचे एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

मी भाईंदर पूर्वेला राहतो. पोटासाठी संगणकांच्या देखभालीचे काम करतो आणि उरलेल्या वेळात काही वाचनालये, दोन नियतकालिके व एक कलापथक यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरची व्यवस्था पाहतो. सर्व्हर म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. तो एक संगणकच असतो. फक्त रात्रंदिवस चालू असतो आणि दुरून आलेल्या मागण्यांना उत्तरे देत बसलेला असतो.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला पुढची गोष्ट पाण्यावरून चटकन समजेल. आमच्याकडे १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. पण पाणी बाहेरूनच येते, शहाड-टेमघर प्राधिकरणाकडून आणि एमआयडीसीकडून. ते शहरात आले की पालिकेचा चावीवाला रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवतो. मग सोसायटीचा वॉचमन पंप लावून गच्चीवरची टाकी भरतो. शेवटी घरातली बाई नळ सोडते. पाण्याचे नियंत्रण या सर्वांच्याच हाती आहे, पण प्रत्येकाचे वेगळे. नळ सोडणारीला रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवता येत नाही, आणि येऊही नये. परंतु स्वतःच्या घरचा नळ सोडण्यासाठी तिला चावीवाल्याच्या दारात उभे राहावे लागता कामा नये. सर्व्हरच्या बाबतीत आपल्या बहुतेक संस्थांची स्थिती अशी आहे की घरचा नळ सोडायलाही चावीवालाच लागतो. किंवा मग व्हॉल्व्हची चावी साऱ्या बिल्डिंगला वाटलेली असते.

याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बहुतेक सर्व्हर आज ज्या कुळातली प्रणाली वापरतात, तिचे मूळ युनिक्स. ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. तिच्यात माणसे दोनच जातींची (हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो). एक रूट आणि दुसरे बाकीचे सर्व. रूट म्हणजे मूळ. ज्याच्याकडे रूटचा पासवर्ड आहे तो कोणाचीही फाईल वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. नवी खाती उघडू शकतो, जुनी बंद करू शकतो. आणि एवढे करून आपण काय केले याची नोंद ज्या वहीत होते, ती वहीही तो फाडू शकतो. बाकीच्यांना आपापल्या खोलीपुरता अधिकार.

ही विभागणी एका अर्थाने शहाणपणाची होती, कारण एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे तर एकाच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान होऊ नये. पण रोजच्या व्यवहारात एक अडचण येते. कितीतरी बारीकसारीक कामे अशी आहेत की ती खोलीबाहेर पडल्याशिवाय होत नाहीत. नव्या संपादकासाठी ईमेलचे खाते उघडणे, अडकलेली सेवा बंद करून पुन्हा चालू करणे, कालच्या प्रतीवरून आज बिघडलेले पान परत आणणे. त्यांना रूटचा हात लागतो. मग दोन वाटा उरतात आणि दोन्ही वाईट.

पहिली वाट म्हणजे सर्वांना रूट. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पासवर्ड टाकून दिला की झाले. हे मी एका नव्हे, अनेक ठिकाणी पाहिले आहे. यात लोकशाहीचा भास होतो, परंतु ती लोकशाही नव्हे. ज्या कारभारात कोणीही काहीही करू शकतो आणि कोणी काय केले हे सांगता येत नाही, तेथे जबाबदारी नावाची वस्तूच शिल्लक राहत नाही. सर्व जण एकाच नावाने आत शिरतात, त्यामुळे नोंदवहीत सर्वत्र "रूट" एवढेच लिहिलेले. कार्यकारिणीत फूट पडली की आधी कोण पासवर्ड बदलतो याची शर्यत लागते.

दुसरी वाट अशी की रूट एकाच्याच हाती ठेवायचे. ही अधिक प्रचलित आणि माझ्या मते अधिक घातक, कारण ती वरवर सुरक्षित दिसते. जुन्या गावगाड्यात कुलकर्ण्याचे दप्तर त्याच्या घरात असे. कोणाच्या जमिनीची काय नोंद आहे हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्या सवडीने आणि मर्जीने कळायचे. ही कुलकर्णी वतने गेल्या शतकाच्या मध्याला कायद्याने नष्ट झाली आणि पगारी, बदली होणारा तलाठी आला. तलाठीही काही देवमाणूस नसतो. पण दप्तर त्याच्या बापाचे नाही एवढे तरी ठरले. आता सर्व्हरवर पाहा. एकाच जाणकाराकडे सर्व किल्ल्या, त्याला वेळ असेल तेव्हा काम होणार, आणि काय केले हे विचारले तर तुम्हाला कळणार नाही असे उत्तर. आमच्या सर्व्हरवरचा कुलकर्णी मी आहे, हे मला ठाऊक आहे. जातीचा प्रश्न येथे उपस्थित होत नाही, जागेचा होतो. त्या जागी जो बसेल तो हळूहळू तसाच होत जातो.

माझ्या परिचयाच्या एका संस्थेचे काय झाले ते सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांनी वीसेक वर्षांचे अंक स्कॅन करून एका होस्टिंगवाल्याकडे चढवले. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतले, मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवला, संस्थेला काहीच दिले नाही. पैशांवरून वाद झाला. त्याने संकेतस्थळ बंद केले आणि फोन उचलणेही बंद केले. स्कॅनच्या मूळ फाईली ज्या संगणकावर होत्या तो एव्हाना भंगारात गेला होता. संस्थेकडे उरली ती पावती, आणि पावतीवर "वेबसाईटचे काम" एवढेच लिहिलेले.

या दोन वाटांच्या मध्ये तिसरी वाट आहे आणि ती नवी नाही. युनिक्सच्या कर्त्यांनाच तिची गरज जाणवली होती. साधे उदाहरण घ्या. प्रत्येकाचा पासवर्ड ज्या फाईलमध्ये ठेवलेला असतो तिच्यात फक्त रूटला लिहिता येते. मग साध्या माणसाने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? रिची यांनी युक्ती काढली की पासवर्ड बदलणारा प्रोग्राम चालवणारा कोणीही असो, चालताना तो प्रोग्राम रूटचे बळ उसने घेईल. परंतु त्या बळाने एकच काम करील, चालवणाऱ्याचा पासवर्ड बदलण्याचे. माणसाला रूट मिळत नाही, एका ठरावीक कृत्याला मिळते. या युक्तीवर १९७९ साली अमेरिकेत पेटंटही मिळाले. पुढे १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याच्याजवळ एक यादी असते: अमुक माणसाला अमुक आज्ञा अमुक नावाने चालवता येईल. माणूस स्वतःच्याच पासवर्डने आज्ञा देतो, सुडो यादी पाहतो, नाव असेल तर काम करतो आणि नोंद ठेवतो. कामाची परवानगी आणि सर्वाधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व येथे पक्के झाले.

पण सुडो वापरायचा म्हणजे काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टंकायच्या. दिवसभराची ड्यूटी करून चर्चगेट-विरार लोकलमधून लोंबकळत आलेल्या कार्यकर्त्याला ते जमणार नाही. जमले तरी का जमवावे? येथे वेबवरचे पॅनेल उपयोगी पडते. १९९६ साली निक कॉस्टन नावाच्या अमेरिकन मुलाने सीपॅनेल लिहिले. आज व्यापारी होस्टिंगमध्ये ते सर्वत्र दिसते. १९९७ साली ऑस्ट्रेलियाच्या जेमी कॅमेरॉन यांनी वेबमिन काढले, जे फुकट आहे आणि ज्याचे मूळ लिखाण कोणालाही वाचता येते. आम्ही वेबमिन घेतले. सीपॅनेल अधिक गुळगुळीत आहे हे खरे. पण २०१९ साली त्यांनी प्रत्येक खात्यामागे भाडे लावायला सुरुवात केली, आणि अनेक लहान संस्थांनी एक सर्व्हर वाटून घ्यायचा म्हणजे खाती पुष्कळ आणि पैसे थोडे.

अशा पॅनेलचे काम कसे चालते? सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम सतत बसलेला असतो आणि तो रूटच्या अधिकाराने चालतो. तुम्ही ब्राउझरमधून त्याच्या पत्त्यावर जाता, स्वतःचे नाव आणि पासवर्ड देता. तो त्याच्याजवळच्या तक्त्यात पाहतो की या माणसाला कोणकोणते विभाग दाखवायचे आणि त्या विभागात काय काय करू द्यायचे. तेवढीच बटणे पडद्यावर येतात. तुम्ही बटण दाबले की मागणी त्याच्याकडे जाते. तो पुन्हा तक्ता पाहतो (हे "पुन्हा" महत्त्वाचे आहे, कारण बटण न दाखवणे म्हणजे अधिकार नाकारणे नव्हे, हुशार माणूस न दिसणाऱ्या बटणाची मागणीही हाताने लिहून पाठवू शकतो), आणि परवानगी असेल तर तुमच्या वतीने काम करून निकाल दाखवतो. म्हणजे हा एक मुनीम आहे. तिजोरी त्याच्याजवळ आहे, पण कोणाला किती द्यायचे हे मालकाने लिहून दिले आहे.

वेबमिनमध्ये एक सोय आहे, तिचा आम्ही सर्वाधिक उपयोग केला. तुम्ही स्वतः एखादी आज्ञा लिहून तिचे बटण करू शकता, बटणाला मराठीत नाव देऊ शकता आणि ती आज्ञा कोणाच्या नावाने चालावी हेही ठरवू शकता. आमच्याकडे अशी थोडीच बटणे आहेत. "नवा अंक चढवा", "आजची प्रत काढा", "कालची प्रत परत आणा", "ईमेलचा पासवर्ड बदला", "संकेतस्थळ पुन्हा सुरू करा". प्रत्येक संस्थेला स्वतःपुरती. कलापथकाला नियतकालिकाचे काही दिसत नाही. सर्वांना मिळून जागा ठरवून दिलेली आहे, म्हणजे एकाच्या चित्रणांनी दुसऱ्याचे अंक गुदमरू नयेत.

मर्यादा कोठे आखायची, हा मात्र यंत्राचा प्रश्न नाही. आमच्या एका वाचनालयाचे काम अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक ताई पाहतात. बटणे ठरवण्याच्या बैठकीत त्यांनी विचारले, "चढवायचा अधिकार मला, मग काढायचा का नाही? चूक चढवली तर ती तुम्ही येईपर्यंत लोकांनी वाचायची काय?" एकाचे म्हणणे पडले की पुसण्याचा अधिकार धोक्याचा. ताईंचे म्हणणे असे की अर्धा अधिकार म्हणजे अविश्वास. दोन्ही बाजूंत तथ्य होते. शेवटी ठरले ते असे: काढण्याचे बटण द्यायचे, पण काढलेली फाईल तीस दिवस बाजूच्या कप्प्यात राहील आणि तेथून ताईच ती परत आणू शकतील. कायमचे पुसणे एकट्या कोणाच्याच हाती नाही, माझ्याही नाही. म्हणजे यंत्र मला अडवू शकत नाही, पण आमच्यात तसा ठराव आहे. ज्याच्यावर मर्यादा घालायची त्याला ती का घातली हे कळले पाहिजे आणि तिच्यावर हरकत घेता आली पाहिजे. ती कामावरून ठरते, माणसावरून नव्हे; काम बदलले की तीही बदलते. कारण न सांगता घातलेल्या मर्यादांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

आता थोडे कठीण भागाकडे वळतो. मर्यादित अधिकार देणे लिहायला सोपे, पण ती मर्यादा गळकी निघण्याच्या जागा पुष्कळ आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर पॅनेल बसवून उलट धोका वाढतो.

समजा, एखाद्याला सुडोने एकच फाईल दुरुस्त करण्याची परवानगी दिली, आणि तीही व्हीआय या नावाच्या संपादकातून. निर्दोष दिसते. परंतु त्या संपादकात बसल्याबसल्या इतर आज्ञा चालवण्याची सोय आहे, आणि संपादक रूटच्या नावाने चालला असेल तर त्या आज्ञाही रूटच्याच नावाने चालतात. एका फाईलची परवानगी दिली आणि सारा वाडा दिला. म्हणूनच सुडोबरोबर सुडोएडिट हा प्रकार आला: फाईलची प्रत काढून ती माणसाच्या स्वतःच्या अधिकारात दुरुस्त करायला द्यायची आणि मग जागेवर ठेवायची.

दुसरी गळती बटणाशेजारच्या मोकळ्या चौकटीत असते. "अंकाचे नाव लिहा" अशी चौकट ठेवली आणि तिच्यात आलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञेत जोडला, तर नाव लिहून पुढे अर्धविराम देऊन दुसरी आज्ञा लिहिणारा माणूस ती दुसरी आज्ञाही चालवून घेतो. यंत्राला नाव कोठे संपले आणि हुकूम कोठे सुरू झाला हे कळत नाही. उपाय दोन. शक्यतो मोकळी चौकटच ठेवू नये, ठरलेल्या नावांतून निवडायला लावावे. आणि चौकट ठेवलीच तर तिच्यातल्या मजकुराला हुकुमाचा दर्जा कधीही मिळू देऊ नये, तो केवळ मजकूर म्हणूनच पुढे गेला पाहिजे. यासाठी लिहिणाऱ्याला थोडे कष्ट पडतात, आणि कष्ट पडतात म्हणूनच ते टाळले जातात.

तिसरी गळती मला सर्वांत शिकवून गेली, कारण ती दिसतच नाही. युनिक्समध्ये एका फाईलच्या जागी दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी खूण ठेवता येते. आता "माझ्या खोलीतल्या सर्व फाईली माझ्या नावावर करून द्या" असे बटण दिले आणि ते काम रूट करत असेल, तर एखादा आपल्या खोलीत अशी खूण ठेवू शकतो की जिचे बोट पासवर्डच्या फाईलकडे आहे. काम करणारा प्रोग्राम खुणेमागे जाण्याइतका भोळा असेल तर रूट इमानेइतबारे पासवर्डची फाईलच त्याच्या नावावर करून देतो. जुनी प्रत परत आणण्यातही हाच धोका. प्रत माणसाने स्वतः आणून दिलेली असेल तर तिच्या आत काय दडवले आहे कोण जाणे. यावर माझा नियम एकच आहे: ज्या कामाला रूट लागत नाही ते रूटच्या हातून करवून घ्यायचे नाही. वरच्या बटणांपैकी अंक चढवणे, प्रत काढणे आणि प्रत परत आणणे ही कामे त्या त्या संस्थेच्याच नावाने चालतात. वेबमिनचाच एक धाकटा भाऊ आहे, यूझरमिन. तोही याच तत्त्वावर चालतो. आत आलेल्या माणसाचे काम तो त्या माणसाच्याच अधिकाराने करतो, त्यामुळे बटणात चूक राहिली तरी नुकसान त्या खोलीपुरते.

आणि मुनीमच फितूर निघाला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये वेबमिन ज्या यंत्रावर बांधून तयार होत असे, त्या यंत्रात कोणीतरी शिरून एक चोरवाट घालून ठेवली. मूळ लिखाण लोकांना वाचण्यासाठी जेथे ठेवले होते तेथे ती दिसत नव्हती. लोक उतरवून घेत त्या तयार पुडक्यात ती होती. १.८९० या आवृत्तीत तर नुसते वेबमिन बसवले तरी बाहेरच्या माणसाला पासवर्डशिवाय रूटच्या नावाने आज्ञा चालवता येत असे. ही गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आली आणि १.९३० या आवृत्तीत दुरुस्त झाली. मधले वर्षभर दार उघडे होते. मूळ लिखाण उघडे असले म्हणजे सर्व सुरक्षित, असे आमच्यातले काही उत्साही लोक म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. यामुळे पॅनेल टाकून द्यावे असे मला वाटत नाही. पण पॅनेलचे दार साऱ्या जगाला उघडे ठेवू नये, ओळखीच्या वाटेनेच तेथे पोहोचता यावे, पासवर्डबरोबर फोनवर येणारा दुसरा आकडाही मागावा आणि नवी आवृत्ती आली की ती त्याच आठवड्यात बसवावी.

सरकारदरबारीही हीच रचना आहे आणि तिच्याशी आपल्या लोकांचा रोजचा संबंध येतो, म्हणून तिचा उल्लेख करतो. सातबारा आता संगणकावर आहे. ई-फेरफार प्रणालीत तलाठी फेरफाराची नोंद घालतो, पण ती प्रमाणित करू शकत नाही. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. एकाने लिहायचे, दुसऱ्याने मान्य करायचे, आणि दोघांचीही ओळख नोंदीला चिकटलेली. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे, त्यासाठी तहसीलदाराचा आदेश लागतो. ज्यांच्या वतनी जमिनी "इतर हक्क" या रकान्यातल्या एका ओळीवर टिकून आहेत, त्यांना ती ओळ कोण बदलू शकतो हे ठाऊक असणे किती गरजेचे आहे, ते मी वेगळे सांगायला नको. अर्थात एकाने लिहून दुसऱ्याने मान्य करण्याची रचना दोघे संगनमताने वागले तर निकामी होते. अशा वेळी मागे राहते ती फक्त नोंदवही.

म्हणून नोंदवहीबद्दल दोन शब्द. वेबमिन कोणी, केव्हा, कोणते बटण दाबले याची यादी ठेवतो. पण ती त्याच सर्व्हरवर असेल तर रूट ती पुसू शकतो, हे वर आलेच आहे. आम्ही दररोज रात्री तिची प्रत दोन वेगळ्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना ईमेलने आपोआप पाठवतो. ते ती वाचतात असा माझा दावा नाही. वाचता येते आणि मला ती परत घेता येत नाही, इतके पुरे. कायद्याच्या बाजूनेही हे बरे पडते. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने काढलेल्या निर्देशांत अशा नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये सारा भर मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवर आहे. उद्या भांडण झालेच तर परवानगी कोणाला किती होती हे कागदावर दाखवता आले पाहिजे. तोंडी सांगितले होते, हे चालत नाही.

एवढे सर्व केले तरी एक कुलूप सर्व्हरच्या बाहेर असते, डोमेनचे. संस्थेचे नाव टंकल्यावर लोक ज्या सर्व्हरवर पोहोचतात तो बदलण्याचा अधिकार डोमेन ज्याच्या नावावर त्याला. पॅनेलमध्ये कितीही काटेकोर वाटणी करा, डोमेन त्या "एका मुलाच्या" नावावर असेल तर बाकी सर्व वाया. आणि ज्या कंपनीकडे ते नोंदवले तीही बुडू शकते. नेट४ इंडिया ही आपल्या देशातली जुनी नोंदणी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली, ग्राहकांना नावाचे नूतनीकरण करता येईना की ते दुसरीकडे हलवता येईना. शेवटी २०२१ साली आयकॅन या जागतिक संस्थेने तिची मान्यता काढून घेतली आणि तिच्याकडची हजारो नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. फुकट जागेचे तर विचारूच नका. जिओसिटीज २००९ साली बंद झाली, याहू ग्रुप्स २०२० साली. तेथे रात्री जागून लिहिलेले वादविवाद कोणी उतरवून घेतले असतील तरच आज आहेत.

तेव्हा आमची व्यवस्था आज अशी आहे. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत. सर्व फाईलींची प्रत दर महिन्याला प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या हार्डडिस्कवर, जी कपाटात असते आणि जिला पॅनेलही लागत नाही. रूटचा पासवर्ड दोन तुकड्यांत लिहून दोन लिफाफ्यांत, वेगवेगळ्या संस्थांच्या चिटणीसांकडे, लाख लावून, माझ्याकडचा तिसरा. दर सहा महिन्यांनी मी तो बदलतो, जुने लिफाफे सभेत फोडून दाखवले जातात आणि नवे दिले जातात, व हे सर्व इतिवृत्तात लिहिले जाते. मागच्या सभेत असा ठराव झाला की पुढच्या वेळी लिफाफे नुसते फोडायचे नाहीत. त्यातल्या पासवर्डने मी गैरहजर असताना ताईंनी आणि कलापथकाच्या चिटणीसांनी मिळून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करून दाखवायचा. तारीख ठरली आहे, रविवार आहे, आणि त्या दिवशी फोन बंद ठेवण्याची मला सूचना आहे.